हा कोड कुणाचा? ओपन सोर्समधल्या माझ्या पहिल्या काही वर्षांत कॉपीराइट कसा समजत गेला

माझी पहिली पुल रिक्वेस्ट, म्हणजे प्रकल्पात माझा बदल घ्या अशी विनंती, एका साध्या प्रश्नावर अडली. तारखा वाचणारं एक फंक्शन मी जोडलं होतं आणि सगळ्या चाचण्या पास झाल्या होत्या. मेंटेनरने, म्हणजे प्रकल्प सांभाळणाऱ्याने, विचारलं, "हे तुम्ही स्वतः लिहिलंय का?" मी खरं ते सांगितलं, की एका सार्वजनिक रेपोमधून (ऑनलाइन ठेवलेल्या कोडच्या साठ्यातून) घेतलंय. त्यांचा पुढचा प्रश्न: "तिथे लायसन्सची, म्हणजे वापराच्या परवान्याची, फाइल आहे का?" नव्हती. मग तो कोड आपल्याला घेता येणार नाही, असं लिहून त्यांनी रिक्वेस्ट बंद केली.

मला ते फार लागलं. लेखकाने कोड सगळ्यांसमोर ठेवलाय, मनाई कुठेच लिहिलेली नाही, मग अडचण कसली? नवीन येणाऱ्या बहुतेकांची हीच समजूत असते, म्हणून आधी तीच दूर करते. मनाई लिहावी लागत नाही, परवानगी लिहावी लागते. १८८६ च्या बर्न कराराला जोडलेल्या देशांत कॉपीराइट आपोआप मिळतो. नोंदणी नको, 'सर्व हक्क राखीव' ही ओळही नको. फाइल सेव्ह झाली की हक्क लागू झाला. अमेरिकेत १९८९ पर्यंत नियम वेगळा होता, सूचना छापली नाही तर हक्क गमावण्याची वेळ येई. सूचना नाही म्हणजे मोकळं रान, हा समज बहुधा तिथूनच टिकून राहिला असावा. गिटहब या कोड ठेवण्याच्या साइटवर सार्वजनिक रेपो ठेवला की साइटच्या अटींनुसार इतरांना तो पाहता येतो, फोर्क करता येतो, म्हणजे साइटवर त्याची आपली प्रत घेता येते. पण तो कोड उचलून स्वतःच्या प्रकल्पात घालण्याची परवानगी त्यातून मिळत नाही.

मी त्या लेखकाच्या कोडची फाइल बंद केली, तारखांच्या आयएसओ ८६०१ या मानकाचं वर्णन वाचलं आणि फंक्शन नव्याने लिहिलं. आठवडा गेला. हे चालतं, कारण कॉपीराइट कल्पनेला लागत नाही, ती ज्या शब्दांत किंवा ज्या कोडमध्ये मांडली त्याला लागतो. तारीख ओळखण्याची रीत कुणाच्याही मालकीची नसते. त्या लेखकाने लिहिलेल्या ओळी मात्र त्याच्या असतात. पण एक सावधगिरी बाळगा: दुसऱ्याचा कोड ओळीओळीने वाचून, व्हेरिएबलची नावं बदलून जे तयार होतं ते नवं लिखाण नव्हे. फिनिक्स कंपनीने १९८४ च्या सुमारास आयबीएमच्या पीसीला सुसंगत बायोस (संगणक सुरू होताना आधी चालणारा प्रोग्राम) तयार केला, तेव्हा एका गटाने मूळ बायोस अभ्यासून तो काय करतो याचं वर्णन लिहिलं, आणि मूळ कोड कधीच न पाहिलेल्या माणसाने त्या वर्णनावरून नवा लिहिला. एवढी कडक शिस्त रोज लागत नाही, पण ती का पाळली हे ठाऊक असावं.

ओपन सोर्स म्हणजे कोड सगळ्यांना वापरायला, बदलायला खुला ठेवणं, कॉपीराइट सोडून देणं नव्हे, हे कळल्यावर मला या कामाची खरी ओढ लागली. लेखकाकडे हक्क आहे म्हणूनच तो अट घालू शकतो. मुक्त सॉफ्टवेअर चळवळ सुरू करणारे रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८९ मध्ये जीपीएल या परवान्याची पहिली आवृत्ती काढली, तिचा सगळा जोर इथेच आहे: कोड घ्या, बदला, वाटा, पण पुढे वाटताना त्याच अटींवर आणि मूळ कोडसह वाटा. कॉपीराइट नसता तर ही अट मोडणाऱ्याला कोणी काही म्हणू शकलं नसतं.

अशा अटी न्यायालयात टिकतात का, ही शंका बरीच वर्षं होती. त्या बाबतीतला अमेरिकेतला जेकबसन विरुद्ध कॅट्झर हा खटला प्रत्येकाने समजून घ्यावा असं मला मनापासून वाटतं. विषय होता खेळण्यातल्या रेल्वे चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा. त्याच्या काही फाइल दुसऱ्या कंपनीने आपल्या उत्पादनात घातल्या आणि लेखकांची नावं, कॉपीराइटच्या सूचना गाळल्या. खालच्या न्यायालयाने याकडे फार तर करारभंग म्हणून पाहिलं. २००८ मध्ये अपील न्यायालय म्हणालं की या अटी परवानगीचाच भाग आहेत; त्या पाळल्या नाहीत तर परवानगीच उरत नाही आणि तो कॉपीराइटचा भंग ठरतो. फुकट दिलेल्या कामातही लेखकाला मोलाचं काही मिळत असतं, हे न्यायालयाने मान्य केलं, ही गोष्ट मला आजही फार मोठी वाटते.

अटी पाळायला लावल्या की काय घडू शकतं, तेही पाहा. लिंकसिसच्या डब्ल्यूआरटी ५४जी या राउटरमध्ये लिनक्स, म्हणजे जीपीएलखाली असलेली ऑपरेटिंग सिस्टिम, असल्याचं लोकांनी ओळखलं, जीपीएलनुसार कोड मागितला आणि २००३ मध्ये तो बाहेर आला. राउटरसाठीचं ओपनडब्ल्यूआरटी हे ओपन सोर्स सॉफ्टवेअर त्यातूनच उभं राहिलं.

लायसन्सचे प्रकार थोडक्यात सांगते. एमआयटी आणि बीएसडी नाव व परवान्याचा मजकूर सोबत ठेवायला सांगतात. अपाचे २.० त्यात पेटंटची परवानगी घालतं. जीपीएलची बंधनं सॉफ्टवेअर दुसऱ्याला दिल्यावर लागू होतात, एजीपीएल मात्र बदललेला कोड सर्व्हरवरून चालवला तरी वापरणाऱ्यांना तो द्यायला सांगतं. शिवाय सगळे परवाने एकमेकांत मिसळत नाहीत: फक्त जीपीएल २ वर असलेल्या प्रकल्पात अपाचे २.० चा कोड घालता येत नाही, जीपीएल ३ मध्ये येतो. डिपेंडन्सी, म्हणजे आपला कोड ज्यावर अवलंबून राहील असा दुसऱ्याचा कोड, जोडण्याआधी परवाने तपासायला दहा मिनिटं द्या.

नोकरी लागली तेव्हा दुसरा धडा मिळाला. करारात कलम होतं की नोकरीच्या काळात मी लिहिलेलं सॉफ्टवेअर कंपनीचं. संध्याकाळी घरी बसून ओपन सोर्स प्रकल्पांना पाठवलेले पॅचही (कोडमधले छोटे बदल) त्यात येत होते. मी लेखी परवानगी मागितली, ती यायला दोन महिने लागले, आणि तोवर मी एकही पॅच पाठवला नाही. रुजू होण्याआधीच विचारा. सही झाल्यावर विचारणं जड जातं. कमिटखाली, म्हणजे नोंदवलेल्या प्रत्येक बदलाच्या टिपेखाली, 'साइन्ड-ऑफ-बाय' ही ओळ येते, तिचा अर्थही हाच आहे: हा कोड देण्याचा मला हक्क आहे. लिनक्सने ही पद्धत २००४ मध्ये, लिनक्समध्ये आपला कोड असल्याचा दावा करणाऱ्या एससीओ कंपनीच्या खटल्यांच्या काळात आणली. सवयीने ती ओळ टाकू नका, ते तुमचं वचन असतं. कोड सुचवणाऱ्या एआय साधनांमुळे तर हे वचन देणं अजून अवघड झालंय. जेंटू आणि नेटबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमच्या प्रकल्पांनी २०२४ मध्ये असा कोड घेण्यावर निर्बंध घातले. प्रकल्पाचा नियम आधी वाचा.

योगदान देताना काही प्रकल्प सीएलएवर, म्हणजे योगदान देणाऱ्याने करायच्या परवाना-करारावर, सही मागतात. त्यातून कंपनीला पुढे परवाना बदलण्याची मोकळीक मिळू शकते. हॅशिकॉर्प कंपनीने ऑगस्ट २०२३ मध्ये सर्व्हर वगैरे उभारणाऱ्या आपल्या टेराफॉर्म या साधनाचा परवाना बदलून तो ओपन सोर्स राहू दिला नाही; आधीच्या आवृत्त्या जुन्याच परवान्याखाली राहिल्या आणि त्यांवरून ओपनटोफू हे त्याचं ओपन सोर्स रूप निघालं. सही करू नका असं मी म्हणत नाही, पण कशावर करतोय ते वाचा.

सीएलए नसेल तर काय होतं, ते मी स्वतः अनुभवलं. आमची एक छोटी लायब्ररी (इतर प्रोग्राममध्ये वापरायचा तयार कोड) जीपीएलवरून एलजीपीएल या त्याच्या सौम्य प्रकारावर न्यायची होती. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेयरनेही आपल्या गाभ्यासाठी हेच केलं होतं, आणि त्यासाठी कोड लिहिणाऱ्यांची संमती गोळा केली होती. आम्हीही प्रत्येकाला पत्र लिहिलं. बहुतेकांनी होकार दिला, काहींचे ईमेल पत्ते बंद पडले होते, ते लोक शोधून काढावे लागले. एकाने नकार दिला. मी जीपीएल विचार करून निवडलं होतं, असं त्याने कळवलं. त्याचं बरोबर होतं. कोड त्याचा, निर्णय त्याचा. आम्ही त्याच्या तीनेकशे ओळी काढल्या, त्या काय करत होत्या याचं वर्णन मी लिहिलं, आणि त्या कधी न वाचलेल्या एका नव्या मुलीने ते मॉड्यूल पुन्हा लिहिलं. तिच्या फाइलच्या पहिल्या ओळीत तिचं नाव आणि एलजीपीएल आहे. जुन्या आवृत्त्या आम्ही हलवल्या नाहीत. तिथे त्याचं नाव आणि जीपीएल अजून तसंच आहे.