गॅस ओव्हनचा इग्नायटर बदलताना

अमेरिकेत घरोघरी आढळणाऱ्या गॅस रेंजमध्ये वरच्या शेगड्या टिकटिक आवाज करणाऱ्या ठिणगीने पेटतात. खालच्या ओव्हनची रचना मात्र बहुधा वेगळी असते. तेथे बर्नरला लागून सिलिकॉन कार्बाइडची एक ठिसूळ कांडी, म्हणजेच इग्नायटर, बसवलेली असते. विजेने तापून ती लालभडक होते, आणि तिच्यातून पुरेसा प्रवाह वाहू लागला तरच त्याच विद्युतमार्गात जोडलेला सुरक्षा व्हॉल्व्ह उघडून गॅस बर्नरकडे जातो. म्हणूनच कांडी लाल दिसते, पण ओव्हन पेटत नाही, अशी तक्रार असेल तर दोष बहुतेक वेळा कांडीचाच असतो. जुनी झालेली कांडी तापते, परंतु व्हॉल्व्ह उघडण्याइतका प्रवाह तिच्यातून जात नाही.

चांगला इग्नायटर साधारण ३० ते ६० सेकंदांत ज्योत पेटवतो. दीड मिनिट उलटूनही ज्योत दिसत नसेल, किंवा बराच वेळ थांबून गॅस भपकन पेटत असेल, तर तो बदलावा. केवळ विद्युत रोध मोजून निर्णय घेऊ नये, कारण थंड कांडीचा रोध ठीक दिसला तरी ती निकामी असू शकते. खरी परीक्षा क्लॅम्प मीटरने, म्हणजे तारेभोवती चिमटा लावून प्रवाह मोजणाऱ्या उपकरणाने, प्रवाह मोजण्याची आहे: चपट्या कांडीला सामान्यतः ३.२ ते ३.६ अँपिअर आणि गोल कांडीला २.५ ते ३ अँपिअर प्रवाह लागतो. चालू विजेजवळ काम करण्याचा सराव नसल्यास हे मोजमाप टाळावे; वर सांगितलेली लक्षणे पुरेशी बोलकी असतात. भाड्याच्या घरात तर घरमालकाला कळवणेच योग्य.

नवा भाग मागवताना दाराच्या चौकटीवर किंवा खालच्या खणाजवळ लिहिलेला मॉडेल क्रमांक द्यावा. चपट्याच्या जागी गोल कांडी बसवू नये, कारण व्हॉल्व्ह त्या ठरावीक प्रवाहासाठीच बनवलेला असतो.

कामाला हात घालण्यापूर्वी ओव्हन पूर्ण थंड होऊ द्यावा, प्लग काढावा आणि गॅसचा कॉक बंद करावा. कॉकची दांडी नळीला आडवी आली की तो बंद झाला, असे समजावे. गॅसचा वास येत असेल तर काहीही न उघडता, विजेच्या बटनाला हात न लावता घराबाहेर पडून गॅस कंपनीला फोन करावा. वास नसेल तर जाळ्या, तळाचा पत्रा आणि बर्नरवरील ज्योत पसरवणारी पट्टी काढावी; दार काढता येत असेल तर आत वाकणे सोपे जाते. इग्नायटर बहुधा दोन स्क्रूंनी धरलेला असतो, आणि वर्षानुवर्षांच्या उष्णतेने ते गंजून बसतात. अशा वेळी स्क्रू आधी किंचित घट्ट दिशेने फिरवून मग सैल करावा. एकदम जोर लावल्यास डोके तुटते, आणि मग अर्ध्या तासाच्या कामाला दुपार पुरत नाही.

तारा मागील भोकातून जेथे जोडलेल्या असतात, तेथे काही मॉडेलांत प्लग असतो. प्लग नसल्यास तारा कापून नव्या तारा उष्णता सोसणाऱ्या सिरॅमिक टोप्यांनीच जोडाव्यात. साध्या प्लॅस्टिकच्या टोप्या तेथे वितळतात. या दोन तारांना धन-ऋण असा भेद नसतो. नव्या कांडीला बोटे लावू नयेत, ती धातूच्या किंवा सिरॅमिकच्या बैठकीलाच धरावी, कारण हाताचे तेल किंवा लहानसा धक्काही तिला निकामी करायला पुरतो.

तळाचा पत्रा न बसवता कॉक उघडावा, प्लग लावावा आणि ओव्हन ३५० अंश फॅरनहाइटवर ठेवून ज्योत पाहावी. ती निळी व सलग दिसली तर ओव्हन बंद करून थंड होऊ द्यावा आणि उरलेले भाग परत बसवावेत. प्रवाह पुरेसा असूनही व्हॉल्व्ह उघडत नसेल, तर दोष व्हॉल्व्हचा असतो. तो बदलण्यासाठी गॅसची जोडणीच उघडावी लागते, म्हणून ते काम परवानाधारक तंत्रज्ञाकडे सोपवावे.