डिजिटल फ्रेमचं लाकूड खोटं का दिसतं? या चुका टाळा

फोटोशॉप किंवा गिंपसारख्या फोटो-एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये फोटोला सागवानी फ्रेम करायची म्हटलं की बहुतेक जण लाकडाचं टेक्स्चर (लाकडाच्या पृष्ठभागाचं चित्र) फोटोखाली पसरतात आणि कडा उघड्या ठेवतात. फ्रेम तिथेच खोटी पडते, कारण चारही बाजूंना लाकडाच्या रेषा आडव्याच धावतात. घरातली एखादी जुनी फ्रेम भिंतीवरून उतरवून बघा. सुताराने चार पट्ट्या कापलेल्या असतात. प्रत्येकीच्या रेषा तिच्या लांबीने जातात आणि कोपऱ्यात ४५ अंशांच्या सांध्यापाशी तुटतात. म्हणून चार पट्ट्या चार वेगळ्या लेयरवर (थरांवर) घ्या, उभ्या पट्ट्यांचं टेक्स्चर ९० अंशांत फिरवा आणि टोकं तिरकी कापा. सांध्यावर एक-दोन पिक्सेलची पुसटशी गडद रेघ द्या. कोपरा जोडल्यासारखा दिसतो तो तिच्यामुळेच.

एकच पट्टी चारदा कॉपी करू नका. तीच गाठ चारही बाजूंना दिसली की डोळा ती लगेच पकडतो. दर वेळी टेक्स्चरचा वेगळा भाग घ्या.

सर्वात जास्त फसवतं ते माप. १२ × १८ इंचांचा फोटो ३०० पीपीआयला (एका इंचात ३०० पिक्सेल) ३६०० × ५४०० पिक्सेलचा होतो, म्हणजे दीड इंचाची पट्टी ४५० पिक्सेलची. तुमचं टेक्स्चर ९ इंच रुंद फळीचा फोटो असेल, तर ती फळी २७०० पिक्सेल रुंद हवी आणि पट्टीत तिचा फक्त सहावा हिस्सा दिसायला हवा. अख्खी फळी त्या ४५० पिक्सेलमध्ये कोंबली की रेषा केसासारख्या बारीक होतात आणि फ्रेम बाहुलीच्या घरातली वाटते. टेक्स्चर एकाच बाजूने ताणलं तर रेषा फरफटल्यासारख्या दिसतात, तेही नको.

रंग भडक नारिंगी असेल तर सॅच्युरेशन (रंगाची तीव्रता) उतरवा. बेव्हल (पट्टीच्या कडांना उतार आणि उजेड-सावली देणारा इफेक्ट) वापरताना त्यातला टेक्स्चरचा पर्याय मी तर बंदच ठेवते. पॉलिश केलेलं लाकूड हाताला गुळगुळीत लागतं, त्यावर उठाव दिला की ते प्लॅस्टर वाटायला लागतं.

आता उजेड. तो वरून डावीकडून येतो असं धरा. वरच्या पट्टीचा बाहेरचा उतार उजळ आणि आतला, फोटोकडे झुकलेला, काळोखा. खालच्या पट्टीत नेमकं उलट: आतला उतार उजळतो, बाहेरचा अंधारतो. बेव्हल रास्टराइझ करून (म्हणजे पिक्सेलमध्ये पक्का करून) मग पट्टी फिरवली तर उजेडही तिच्याबरोबर फिरतो, म्हणून आधी फिरवा, मग बेव्हल द्या. फोटोवर सावली फक्त वरच्या आणि डाव्या पट्टीची पडेल. चारही बाजूंनी सारखी सावली दिलीत, तर फोटो खोक्यात बुडाल्यासारखा दिसेल.

एवढं करूनही काही खटकत असेल, तर वर ब्लॅक अँड व्हाइटचा लेयर लावून बघा. रंग गेला की उजेड कुठल्या पट्टीवर चुकलाय ते लगेच कळतं.