लाखभर किलोमीटर झालेली स्प्लेंडर घरी उघडताय? या चुका टाळा

घरी सर्व्हिसिंग केल्यावर जुनी स्प्लेंडर कुरकुरायला लागली, तर दोष झिजेचा कमी आणि पान्याचा जास्त असतो. 97 सीसीचं हे इंजिन इतकं साधं आहे की ऑइल, चेन, ब्रेक, टॅपेट (वॉल्वची गॅप लावणं) ही कामं अंगणात सहज होतात. फक्त लाखभर किलोमीटरपर्यंत त्यातले ॲल्युमिनियमचे आटे कित्येकदा उघडझाक झालेले असतात. नव्या गाडीत खपून जाणारा जोर इथे खपत नाही. हे सगळं कार्बोरेटरच्या मॉडेलांबद्दल. बीएस-6 गाड्यांत पेट्रोल इंजेक्शनने येतं, त्यांच्या सेन्सरच्या वायरी ओढत बसू नका.

ऑइलचा बोल्ट

ऑइल काढायच्या खालच्या बोल्टपाशी ऑइल पाझरतंय म्हणून तो आणखी आवळायचा, ही सर्रास होणारी चूक. पाझरतं ते बहुतेक वेळा चेपलेल्या वायसरमधून. दर वेळी नवा वायसर टाकला तर जोर लावायची वेळच येत नाही. पान्याला पाइप जोडून ताकद वाढवायची तर अजिबात नाही. बोल्ट लोखंडी, खालचं घर ॲल्युमिनियमचं; आटे जातात ते घराचेच. मग लेथवाल्याकडे जाऊन हेलिकॉइल (गेलेल्या आट्यांच्या जागी बसणारी तारेची स्प्रिंग) बसवून घ्यावी लागते. बोल्ट लावताना सुरुवातीचे चार-पाच आटे नुसत्या बोटांनी फिरवा. मध्येच अडकला तर वाकडा चढतोय, काढून पुन्हा लावा.

कुठलं ऑइल, किती

"इंजिन जुनं झालंय, जाड ऑइल टाक" हा सल्ला नाक्यावर फुकट मिळतो. कंपनी 10डब्ल्यू-30 सांगते, तेच टाका. जाड ऑइल सकाळी थंड इंजिनात वरच्या हेडपर्यंत उशिरा पोचतं, आणि झिजलेल्या पिस्टन रिंगांची तक्रार काही दिवस झाकली जाते एवढंच.

त्याहून मोठा घोळ स्कूटरच्या उरलेल्या ऑइलने होतो. मोटरसायकलचा क्लच इंजिनच्या ऑइलातच बुडालेला असतो, त्यामुळे तिला डब्यावर जासो (ऑइलचं जपानी मानक) एमए किंवा एमए-2 लिहिलेलं ऑइल लागतं. बऱ्याच स्कूटर ऑइलवर जासो एमबी असतं, ते जास्त निसरडं. ते टाकलं की चढावर इंजिन ओरडतं आणि गाडी मात्र पुढे सरकत नाही. क्लच प्लेट गेल्या असं समजून नवीन सेट टाकण्याआधी मागच्या वेळी डबा कुठला उघडला होता ते आठवा.

ऑइल बदलताना साधारण 900 मिलि लागतं. पातळी बघताना गाडी डबल स्टँडवर हवी, साइड स्टँडवर नाही. इंजिन थोडं चालवून बंद करा, दोन-तीन मिनिटं थांबा, आणि ऑइल मोजायची काडी (डिपस्टिक) पुसून नुसती टेकवा. आटे फिरवून बसवली तर काडी जास्त खोल जाते, ऑइल असल्यापेक्षा जास्त दिसतं आणि गाडी कमी ऑइलवर पळत राहते.

या इंजिनात कारसारखा कागदी ऑइल फिल्टर नाही. उजव्या कव्हरच्या आत क्रँकवर फिरणारा एक रोटर असतो, तो गाळ कडेला फेकून अडवतो. नुसतं ऑइल बदलून वर्षं काढलेल्या गाडीत हा रोटर उघडला की काळ्या चिखलाचा घट्ट थर निघतो. साफ करताना धागे न सुटणारं फडकं घ्या. जुनं पॅकिंग स्क्रूड्रायव्हरने खरवडू नका. एक ओरखडा राहिला तरी नव्या पॅकिंगमधूनही ऑइल झिरपतं.

चेन आणि तिच्यामागे येणारा ब्रेक

चेन वाजते म्हणून ताणून टाकतात. मग मागे माणूस बसला की ती आणखी ताणली जाते आणि बेअरिंगवर भार येतो. चेनकव्हरचं रबरी बूच काढून बघा, साधारण 20 ते 30 मिलिमीटर वरखाली हललीच पाहिजे. जुनी चेन सगळीकडे सारखी वाढत नाही, त्यामुळे चाक फिरवत जिथे सगळ्यात घट्ट लागते तिथे मोजा. दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या ठेवा.

आता विसरलं जाणारं काम. चाक मागे सरकलं की मागच्या ब्रेकचा रॉड आपोआप ताणला जातो. चेन केली आणि ब्रेक सैल केला नाही, तर लायनर घासत राहतात, ड्रम तापतो, ॲव्हरेज पडतं आणि मालक कार्बोरेटर उघडून बसतो. चेन झाली की चाक हाताने फिरवून बघा, ते मोकळं फिरलं पाहिजे.

चेनला काढलेलं काळं ऑइल लावू नका, त्यात बारीक कचरा असतो. 90 नंबरचं गिअर ऑइल लावा. आणि इंजिन चालू ठेवून, गिअर टाकून चेन कधीही पुसू नका. फडकं स्पॉकेटमध्ये (चेन फिरते त्या दातेरी चक्रात) गेलं की बोटं त्याच्या मागे जातात. चेन बदलायची वेळ आली तर सोबत दोन्ही स्पॉकेटही बदला, हे वेगळं सांगायला नको.

टॅपेटचा आवाज

टॅपेट थंड इंजिनवरच करायचे, गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी उत्तम. आवाज पूर्ण बंद व्हावा म्हणून गॅप संपवू नका. हलकी टिकटिक हवीच. घट्ट टॅपेटमुळे वॉल्व पूर्ण बसत नाही, कॉम्प्रेशन जातं आणि शेवटी वॉल्व जळतो. टॅपेट केल्यावर गाडी किक घेईना, तर प्लग बदलण्याआधी गॅप पुन्हा मोजा.

निळा धूर

सकाळी सुरू करताना किंवा उतारावर थ्रॉटल सोडून पुन्हा दिल्यावरच धूर येत असेल, तर आधी वॉल्व सीलवर संशय घ्या. पळताना सतत येत असेल तर रिंग किंवा बोअर (पिस्टन ज्यात वरखाली होतो ती नळी). ऑइल गरजेपेक्षा जास्त भरलं असेल तरी धूर येतो, म्हणून आधी काडी बघा. पातळी बरोबर असूनही धूर थांबत नसेल, तर ब्लॉक उतरवून बोअर मोजावा लागेल, आणि ते काम लेथवाल्या गॅरेजचंच.