घराबाहेर पडताना खिशात फक्त मोबाइल? या चुका टाळा

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी ३५ फुटांच्या वर गेलं आणि वडोदऱ्यातल्या कितीतरी वस्त्यांमध्ये वीज गेली. मी मैत्रिणीकडे अडकले होते. दुसऱ्या दिवशी दुपारी माझा मोबाइल बंद पडला. शेजारच्या काकांनी त्यांचा बटणांचा फोन पुढे केला, "आधी घरी कळवा." फोन हातात घेतला आणि आईचा नंबरच आठवेना. पहिले चार आकडे दाबले, पुढे बोट हलेना. आई दांडिया बाजारातल्या घरी एकटी होती. ती घालमेल अजून विसरले नाही.

तेव्हा पहिली चूक हीच, एकही नंबर पाठ नसणं. घरातले दोन तरी नंबर पाढ्यांसारखे घोका, मुलांकडूनही घोकून घ्या. माझ्या बाबांच्या पाकिटात एक चिठ्ठी असायची. गणिताच्या वहीचा चौकटीचा कागद, पाण्यानं भिजू नये म्हणून दोन्ही बाजूंनी सेलोटेप लावलेला, वर रक्तगट, खाली तीन नंबर. पूर ओसरल्यावर मी तशीच चिठ्ठी केली. रोजच्या गोळीचं नाव तेवढं जास्त लिहिलं.

रोख पैसे अजिबात न बाळगणं ही दुसरी. २०१६ साली आलेलं यूपीआय आता खंडेराव मार्केटात कोथिंबिरीच्या जुडीपर्यंत पोचलं आहे आणि ते सोयीचंच आहे. पण बँकेचा सर्व्हर अडकला की गोल फिरणाऱ्या चक्राकडे बघत उभं राहावं लागतं, मागचे लोक खोळंबतात. दहा-वीसच्या नोटांत दोनशे रुपये जवळ असू द्या. मात्र त्या नोटा मोबाइलच्या कव्हरमागे खोचू नका! बरेच जण तिथे एटीएम कार्डही ठेवतात. मग फोन गेला की सगळंच एकदम जातं.

फोन हरवलाच तर आधी सिम बंद करा, लगेच बँकेला कळवून यूपीआय थांबवा आणि पोलिसांत तक्रार नोंदवा. त्याच नंबरचं नवं सिम मिळालं की सरकारच्या संचार साथी पोर्टलवरून हँडसेट ब्लॉक करता येतो. त्यासाठी १५ अंकी आयएमईआय, म्हणजे हँडसेटचा ओळख क्रमांक लागतो. *#०६# दाबून तो आजच बघा आणि घरच्या वहीत लिहून ठेवा. फोन गेल्यावर हा क्रमांक शोधायचा कुठे?

कागदपत्रांचंही तसंच. लायसन्सचा गॅलरीतला फोटो ग्राह्य धरत नाहीत, डिजिलॉकर या सरकारी अ‍ॅपमधलं लायसन्स धरतात. रेल्वेच्या खिडकीवर काढलेलं तिकीट असेल तर मूळ कागदच जवळ हवा. आणि मे महिन्यात फोन स्कूटरच्या डिकीत ठेवू नका, बॅटरी तापते.

मग मोबाइल लागतोच का? रात्री उशीर होणार असेल, परगावी जायचं असेल, घरात कुणी आजारी असेल, तर हवाच. वेळ आली तर तातडीच्या मदतीचा ११२ लावता येतो. सकाळी भाजीला जाताना मात्र मी तो घरी ठेवते. पिशवी, किल्ली, सुटे पैसे आणि चिठ्ठी एवढंच घेते. तासाभरात येते म्हणून आईला सांगून निघते.