‘संशयकल्लोळा’तील नातेसंबंधांचा अभ्यास कसा करावा

प्रेमविनोदी नाटकातील नाती अभ्यासायची असतील, तर गोविंद बल्लाळ देवल यांच्या ‘संगीत संशयकल्लोळ’इतके सोयीचे मराठी नाटक दुसरे नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. १८९३ च्या ‘फाल्गुनराव’ या गद्य नाटकाला पदांची जोड मिळून ते १९१६ मध्ये संगीत नाटक म्हणून रंगभूमीवर आले. त्याचे मूळ आर्थर मर्फी यांच्या १७६१ च्या इंग्रजी सुखात्मिकेत आहे आणि तिच्याही मागे मोलिएरचे १६६० मधील प्रहसन आहे.

प्रथम पूर्ण संहिता वाचावी. संक्षिप्त रंगावृत्तीवर भागवू नये, कारण कात्री लागते ती नेमकी कोणाला काय कळले हे सांगणाऱ्या छोट्या प्रवेशांना.

त्यानंतर पडदा उघडण्यापूर्वीची नाती एका कागदावर मांडावीत: फाल्गुनराव व कृत्तिका हे पतिपत्नी, अश्विनशेट व रेवती हे प्रेमिक, मघा नायकीण ही रेवतीची आई, भादव्या हा फाल्गुनरावाचा नोकर. पुरुषांना महिन्यांची आणि स्त्रियांना नक्षत्रांची नावे आहेत, ही गंमत आहे. तिच्यातून नात्यांचा अर्थ काढत बसू नये.

खरी अडचण यापुढे आहे. मार्गदर्शक पुस्तके येथे ‘स्वभाववैशिष्ट्ये लिहा’ असे सांगतात आणि विद्यार्थी इमानेइतबारे ‘फाल्गुनराव संशयी, रेवती मानी’ असे लिहून मोकळा होतो. या विशेषणांतून नाटकाचा एकही प्रवेश उलगडत नाही, कारण या नाटकातली नाती प्रवेशागणिक बदलतात आणि ती बदलतात ती स्वभाव पालटल्यामुळे नव्हे, तर प्रत्येकाच्या हाती आलेल्या अर्धवट माहितीमुळे. म्हणून स्वभावाचा नव्हे, समजुतीचा तक्ता करावा. आडव्या ओळींत प्रवेश घ्यावेत. उभ्या रकान्यांत ‘फाल्गुनरावाला कृत्तिकेविषयी काय वाटते’, ‘कृत्तिकेला फाल्गुनरावाविषयी काय वाटते’ आणि तसेच अश्विनशेट व रेवती यांचे दोन रकाने घ्यावेत. नाते एक असले तरी रकाने दोन, ही अट कधीही मोडू नये. दोघांचा संशय एकाच क्षणी, एकाच कारणाने जन्मत नाही आणि हे अंतरच विनोदाला जागा करून देते.

तक्त्यात प्रत्येक नव्या समजुतीपुढे तिचा पुरावा लिहावा आणि तो स्वतः पाहिलेला आहे की कोणाकडून ऐकलेला, हेही नोंदवावे. भर रस्त्यात मूर्च्छित झालेल्या रेवतीला फाल्गुनराव सावरतो, एवढेच कृत्तिकेला दिसते; मूर्च्छा तिच्या हिशेबात येतच नाही. रेवतीजवळची अश्विनशेटाची तसबीर खाली पडते, ती कृत्तिकेच्या हाती लागते आणि परपुरुषाची तसबीर न्याहाळणारी बायको फाल्गुनरावाला दिसते. पुढे तीच तसबीर फाल्गुनरावाजवळ पाहून अश्विनशेटाला वाटते की रेवतीने ती त्याला देऊन टाकली. तसबिरीच्या या प्रवासासाठी वेगळा कागद ठेवावा. ती ज्या क्षणी हात बदलते, त्या क्षणी निदान एक नाते हलते.

हा तक्ता भरताना प्रेक्षकाला ठाऊक असलेली गोष्ट पात्राच्या रकान्यात कधीही लिहू नये. बहुतेक तक्ते याच ठिकाणी निकामी होतात. आपल्याला सगळे ठाऊक असल्यामुळे आपण फाल्गुनरावाला मूर्ख ठरवतो. पण त्याने जे पाहिले तेवढेच समोर ठेवले, तर त्याचा तर्क एखाद्या वकिलालाही शोभावा इतका सरळ आहे. त्याला मूर्ख ठरवून केलेला अभ्यास मला वाचवत नाही. अश्विनशेट व फाल्गुनराव समोरासमोर येतात तेव्हा दोघेही एकमेकांना प्रतिस्पर्धी समजत असतात. तो प्रवेश दोनदा वाचावा, एकदा केवळ अश्विनशेटाच्या माहितीवर आणि एकदा केवळ फाल्गुनरावाच्या माहितीवर. एकाच वाचनात दोन्ही बाजू धरू पाहणाऱ्याच्या हाती एकही लागत नाही.

दोन्ही जोड्यांचे संशय सारखे दिसले तरी त्यांचे वजन सारखे मानू नये. फाल्गुनराव आणि कृत्तिका कितीही भांडले तरी ते विवाहित आहेत. त्यांचे भांडण घरातच फिरत राहते. रेवती मात्र नायकिणीची मुलगी आहे आणि अश्विनशेटाशी तिचा विवाह अद्याप व्हायचा आहे, त्यामुळे अश्विनशेटाच्या संशयाला त्या काळच्या लोकापवादाचे आयते बळ मिळते. तिच्यावरचा आरोप खरा मानायला जग आधीच तयार आहे, ही गोष्ट तक्त्याच्या समासात ठळक लिहून ठेवावी. रेवतीच्या रागाची धार या नोंदीशिवाय कळत नाही.

पदांकडे गद्य संवादांइतकेच लक्ष द्यावे. ‘मजवरी तयांचे प्रेम खरे’ हे रेवतीचे पद गोड चालीसाठी सोडून देऊ नये, ती तिची त्या क्षणीची समजूत आहे आणि तिची जागा तक्त्यातच आहे.

नोकरांचे रकाने करण्याची गरज नाही; कोणता निरोप कोणी पोचवला, एवढी टीप पुरे.

शेवटच्या अंकात प्रत्येक रकान्यातील गैरसमज कोणत्या वाक्याने दूर झाला, ते शोधून अधोरेखित करावे. ज्या रकान्यात असे वाक्य सापडणार नाही, तेथे संशय मिटला असे लिहू नये. त्या पात्राने तो केवळ गिळला की खरोखर सोडला, हे नटाच्या मुद्रेवर अवलंबून असते आणि त्यासाठी प्रयोगच पाहावा लागतो.