गर्भपिशवीच्या तपासण्यांची तयारी (आणि रिपोर्टचं आधीच विचारून ठेवा)

पाळी जाऊन वर्ष उलटलंय आणि परत डाग दिसला तर तो गुलाबी असो, चॉकलेटी असो की एकच थेंब असो, डॉक्टरला दाखवायचं, दगदग झाली म्हणून असेल असं म्हणत महिने काढायचे नाहीत. पाळी चालू असेल तर दोन पाळ्यांच्या मधे रक्त जाणं, आठवडा उलटला तरी न थांबणं, गाठी पडणं, संबंधानंतर रक्त दिसणं, हेही दाखवायचं. हे माहीत असतं सगळ्यांना, म्हणजे असायला पाहिजे, त्यामुळे पुढे जाते.

ही यादी त्याच्या पुढची आहे. म्हणजे डॉक्टर म्हणाले की "सोनोग्राफी करू आणि वाटलं तर बायप्सी घेऊ" (म्हणजे गर्भपिशवीच्या आतल्या अस्तराचा थोडा भाग काढून तपासायचा), तर तिथपासून काय काय करून ठेवायचं. यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट खरं तर शेवटी येते पण मी ती आत्ताच सांगणारे आणि मधेमधे पण सांगणारे, वैताग आला तरी वाचा. बायप्सीचा रिपोर्ट कधी येणार, कुणाकडे येणार आणि तुम्हाला कोण सांगणार, हे तिथून निघायच्या आधी विचारून लिहून घ्या. मागच्या वेळी मी बाकी सगळं केलं, नेमकं हेच केलं नाही. फोन आला नाही म्हणजे सगळं ठीक असणार असं धरून बसले. रिपोर्ट कधीच तयार होता, त्यात सॅम्पल अपुरं आहे असं लिहिलेलं आणि तो कागद फाईलमधे पडून. परत अंगावरून जायला लागलं तेव्हा कळलं की माझी तपासणी झालेलीच नाही, नुसता त्रास झाला.

घाबरायचं किती? पाळी गेल्यानंतर रक्तस्राव होणाऱ्या बायकांपैकी साधारण दहातल्या नऊजणींना कॅन्सर नसतो. अस्तर वयामुळे पातळ आणि कोरडं झालेलं असतं, पॉलिप म्हणजे अस्तरातून वाढलेला छोटा कोंब असतो, हॉर्मोनच्या गोळ्या चालू असतात, असलं काहीतरी निघतं. पण उलटं बघितलं तर गर्भपिशवीच्या अस्तराचा कॅन्सर ज्यांना होतो त्यातल्या बहुतेकींना पहिली खूण हीच दिसलेली असते, आणि ती लवकर दिसते म्हणूनच हा कॅन्सर बऱ्याचदा पिशवीच्या आत असतानाच सापडतो. त्यामुळे रात्रभर मोबाईलवर शोधत बसू नका आणि तपासणी पुढेही ढकलू नका. आणि हो, पॅप स्मिअर नॉर्मल आला होता म्हणून निवांत राहू नका, ती तपासणी पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरसाठी असते, आतल्या अस्तराचं त्यातून कळेलच असं नाही. हे मला कुणी सांगेपर्यंत मी पण सगळं एकच समजत होते.

आता लिहून काय न्यायचं. शेवटची नियमित पाळी कधी आली, निदान महिना आणि वर्ष. हे आठवत नसेल तर घरी बसून आठवा, टेबलासमोर बसल्यावर कुणालाच आठवत नाही आणि मग आपण काहीतरी ठोकून देतो. पाळी जाऊन बारा महिने झालेत की नाही यावर पुढचा सगळा विचार बदलतो. परत रक्त कधी दिसलं, किती दिवस, पॅड भरलं का नुसता डाग, दुखत होतं का. मोबाईलमधे पॅडचा फोटो काढून ठेवला तरी चालतो, लाजायचं काय त्यात, डॉक्टर रोज हेच बघतात. घरात आई, बहीण, मावशी, आत्या, भाऊ कुणाला मोठ्या आतड्याचा, गर्भपिशवीचा किंवा अंडाशयाचा कॅन्सर झाला असेल तर आठवणीने सांगा, कमी वयात झाला असेल तर नक्कीच, कारण लिंच सिंड्रोम नावाचा प्रकार घराण्यात चालत येतो आणि त्यात या कॅन्सरचा धोका बराच वाढतो. आतड्याच्या कॅन्सरचा पिशवीशी काय संबंध असं वाटतं, म्हणून लोक सांगतच नाहीत. वजन जास्त, डायबेटिस, पीसीओएस, मूल झालेलं नाही, हे पण विचारतील, राग मानू नका, धोका मोजायला विचारतात.

औषधं. नावं पाठ करायच्या भानगडीत पडू नका, सगळ्या स्ट्रिप्स एका पिशवीत घालून घेऊन जा, नाहीतर फोटो काढा. तीन प्रकार तोंडानेही सांगा, नुसतं फाईलवर सोडू नका. रक्त पातळ करणारी गोळी असेल तर, ब्रेस्ट कॅन्सरनंतरची टॅमॉक्सिफेन असेल तर (त्याने अस्तर जाड होतं आणि धोकाही वाढतो), आणि हॉर्मोनचं काही असेल तर, मग ते क्रीम असो, पॅच असो की कुणीतरी सुचवलेली "नैसर्गिक" पावडर असो. रक्त पातळ करणारी गोळी स्वतःच्या मनाने बंद करायची नाही!! हार्टवाल्या डॉक्टरांनी दिलेली असेल तर त्यांना आणि या डॉक्टरांना दोघांनाही विचारायचं. पाळी अजून पूर्ण गेली नसेल तर बायप्सीच्या आधी प्रेग्नन्सी टेस्ट करतील, वय कितीही असलं तरी, हसू नका.

सोनोग्राफीचा दिवस. इथे एक घोळ नेहमी होतो. पोटावरून करणार असतील तर लघवी भरलेली लागते, खालून म्हणजे योनीमार्गातून करणार असतील तर लघवीला जाऊन यायचं असतं. अपॉइंटमेंट घेतानाच विचारा कुठली, काही ठिकाणी दोन्ही करतात, तर आधी भरलेली आणि मग रिकामी. नाहीतर तासभर पाणी पीत, पाय आवळून बसायचं आणि आत गेल्यावर "जाऊन या" ऐकायचं. खालून करतात ती जास्त नीट दिसते. कांडीसारखा प्रोब असतो, त्याच्यावर कव्हर, जेल, पाच-दहा मिनिटं. दुखत नाही शक्यतो, अवघडल्यासारखं होतं. बाई डॉक्टर किंवा नर्स सोबत हवी असेल तर आधी सांगा, आयत्या वेळी नाही. रक्त चालू असलं तरी सोनोग्राफी होते, म्हणून रद्द करू नका, मोठं पॅड लावा आणि जा.

त्या रिपोर्टात अस्तराची जाडी मिलिमीटरमधे असते. पाळी गेलेल्या बाईत ४ मिमी किंवा कमी असेल तर कॅन्सर असायची शक्यता खूपच कमी धरतात, काही ठिकाणी ५ ची रेघ मारतात. जास्त आली म्हणजे कॅन्सर असं अजिबात नाही, म्हणजे फक्त पुढे बघायला पाहिजे. आणि पाळी चालू असलेल्या बायकांनी हा आकडा स्वतःला लावून रडत बसू नये, त्यांचं अस्तर महिन्याभरात जाड-पातळ होतच असतं. सोनोग्राफीवाल्याला "काही वाईट नाही ना" विचारून उपयोग नसतो, तो सांगत नाही. त्याला हे विचारा की रिपोर्ट लगेच मिळणार का, आणि माझ्या डॉक्टरकडे तुम्ही पाठवणार का मी न्यायचा. बघा, इथे पण रिपोर्टच.

बायप्सी. यावर जरा थांबते कारण "चिमटा काढल्यासारखं होईल" एवढंच सांगून पाठवतात आणि ते सगळ्यांच्या बाबतीत खरं नसतं. टेबलाच्या पार कडेला यायचं असतं, "अजून थोडं खाली सरका" हे तुम्हाला वाटेल त्यापेक्षा दोनदा जास्त म्हणतात. आधी पॅप स्मिअरसारखंच साधन घालून पिशवीचं तोंड बघतात, मग साधारण ३ मिमी जाडीची प्लास्टिकची नळी आत सरकवतात, तिच्यातला दट्ट्या मागे ओढला की आतलं थोडं अस्तर नळीत खेचलं जातं. तो ओढतानाचा क्षण पाळीतल्या सगळ्यात वाईट कळेसारखा, पण मिनिटभराचा. कुणाला काहीच वाटत नाही, कुणाला डोळ्यासमोर अंधारी येते. नॉर्मल डिलिव्हरी झालेली नसेल किंवा पाळी जाऊन बरीच वर्षं झाली असतील तर तोंड घट्ट असतं आणि त्रास जास्त होऊ शकतो, कधीकधी नळी आतच जात नाही. म्हणून साधारण तासभर आधी पेनकिलर घ्यायची, कुठली ते डॉक्टरना फोनवर विचारून, दमा, अल्सर, किडनीचं काही किंवा रक्त पातळ करणारी गोळी असेल तर आयबुप्रोफेन आपल्या मनाने घ्यायची नाही. जागा बधिर करायचं इंजेक्शन मागता येतं. "थांबा" म्हणता येतं, तिथल्या तिथे, आणि मग भूल देऊन करू असं सांगता येतं. सहन केलं म्हणून कुणी शाबासकी देत नाही. उपाशी जाऊ नका, भूल नसेल तर थोडं खाऊन जा, चक्कर येते ती बरेचदा रिकाम्या पोटी. उठताना सावकाश उठा.

सॅम्पल छोट्या डबीत टाकतात, पाण्यासारख्या दिसणाऱ्या औषधात, त्यात तांबूस धागे तरंगताना दिसतात. त्या डबीवरचं नाव आणि वय बघा, खरंच बघा, लेबल दाखवा म्हणा. आणि कपडे घालून झाले की पर्स उचलायच्या आधी: रिपोर्ट कधी, कुणाकडे, कोण सांगणार, आणि त्या तारखेला काही कळलं नाही तर मी कुठल्या नंबरवर फोन करू. चार प्रश्न. फोनमधे तारखेचा अलार्म तिथेच उभ्या उभ्या लावा. दुखत असताना, पॅड सावरताना हे सुचत नाही, म्हणून सोबत जी कोणी येईल तिला हे काम सांगून ठेवा, नवऱ्याला सांगितलं तर त्याच्याकडून पाठ म्हणवून घ्या.

"कळवू आम्ही" हे उत्तर नाही. परत विचारा.

दुर्बिणीची तपासणी म्हणजे हिस्टेरोस्कोपी सांगितली तर ती का, तेही विचारा. नळीची बायप्सी आंधळी असते, एखादा पॉलिप किंवा एका कोपऱ्यातला भाग तिच्यातून सुटू शकतो, दुर्बिणीत आतून दिसतं आणि दिसेल तिथला तुकडा घेता येतो. पिशवी फुगवायला सलाईन सोडतात त्यामुळे ओलं ओलं होतं, जादा कपडे न्या. जागेपणी करणार का भूल देऊन? भूल असेल तर किती वाजल्यापासून खायचं नाही ते नीट लिहून घ्या (सहसा ६ तास, साधं पाणी २ तास आधीपर्यंत, पण तुमच्या डॉक्टरांनी सांगितलेलं धरा), डायबेटिसच्या गोळीचं आणि इन्सुलिनचं त्या दिवशी काय करायचं ते वेगळं विचारा, एकटीने यायचं नाही, गाडी चालवायची नाही. रक्त खूप जात असेल तर आदल्या दिवशी फोन करा, नीट दिसणार नाही म्हणून पुढची तारीख देऊ शकतात. क्युरेटिंगचं (अस्तर खरवडून काढतात ते) पण तयारीच्या दृष्टीने असंच.

घरी आल्यावर थोडे दिवस डाग लागतात, पॅडच वापरायचं, टॅम्पॉन किंवा कप नाही, संबंध कधीपर्यंत नको ते विचारा. ताप, घाण वास, वाढत जाणारं दुखणं, तासाला पॅड भरणं, यातलं काही झालं तर लगेच फोन, सकाळची वाट बघू नका.

रिपोर्ट. अलार्म वाजला की फोन करायचा, आणि "नॉर्मल आहे" ऐकून फोन ठेवायचा नाही, कॉपी मागायची, वाचायची. अपुरं सॅम्पल म्हणजे नॉर्मल नाही!! म्हणजे उत्तरच मिळालेलं नाही. अस्तर अगदी पातळ असेल आणि रक्त थांबलं असेल तर डॉक्टर कदाचित म्हणतील की एवढं पुरे, पण ते त्यांनी बघून म्हटलं पाहिजे, कागद पडून राहिला म्हणून नाही. ॲट्रोफिक म्हणजे पातळ झालेलं. हायपरप्लेशिया म्हणजे अस्तर वाढलेलं, त्यात पुढे "अटिपिया" (पेशी नेहमीपेक्षा वेगळ्या दिसणं) आहे की नाही हा शब्द शोधा, नसेल तर बहुतेकदा प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या किंवा हॉर्मोनवाली कॉपर-टीसारखी वस्तू बसवून भागतं, असेल तर पिशवी काढायचं बोलतील. कार्सिनोमा म्हणजे कॅन्सर, तसं लिहिलं असेल तर एमआरआय वगैरे आणि कॅन्सरचं ऑपरेशन करणारे स्त्रीरोगतज्ज्ञ, ती यादी वेगळी, ती मी लिहू शकत नाही.

सगळं नॉर्मल आलं आणि काही महिन्यांनी परत रक्त दिसलं तर परत जायचं, जुना रिपोर्ट नॉर्मल होता म्हणून घरी बसायचं नाही, फाईल घ्यायची आणि "परत सुरू झालंय" एवढं पहिल्या वाक्यात सांगायचं. पॅड जास्तीची न्या. चार्जर.