लाकडी चॉपिंग बोर्ड घेताय? आधी या चुका टाळा

ठाण्यात जुलै-ऑगस्टमध्ये टॉवेलसुद्धा दोन दोन दिवस वाळत नाही, आणि लोक लाकडी बोर्ड धुऊन ओट्यावर आडवा टाकून ऑफिसला जातात. गणपतीपर्यंत बोर्ड वाकडा झाला की म्हणतात, लाकूडच खराब निघालं. बऱ्याचदा लाकडाचा काही दोष नसतो, बोर्ड निवडलाच चुकीचा असतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे पातळ फळी घेणं. माझा पहिला बोर्ड जांभळी नाक्याजवळच्या एका दुकानातला, जेमतेम अर्धा इंच जाड, एकच रुंद फळी, दिसायला सुंदर. पहिल्याच पावसाळ्यात ग्रॅनाइटवर पडून पडून खालची बाजू ओली राहिली, ती फुगली, वरची वाळली, आणि बोर्डाला खालून पोट आलं. दुधी चिरताना टक टक डोलायचा, मी दुर्लक्ष केलं, एक दिवस सुरी सटकली आणि तर्जनीला चार टाके पडले. तेव्हापासून सव्वा इंचाच्या खालचा बोर्ड मी हातातच घेत नाही. दुकानात काचेच्या काउंटरवर ठेवून चारही कोपरे दाबून बघते, मग टोकाची बाजू, म्हणजे लाकूड आडवं कापलेली कड बघते. तिथे झाडाच्या वाढीच्या वर्तुळांच्या रेषा मोठ्या कमानीसारख्या दिसल्या तर ती फळी पुढे वाकण्याची शक्यता जास्त. अरुंद पट्ट्या जोडलेल्या आणि रेषा उभ्या असतील तर घ्या, वजनाला जड लागला तरी घ्या.

दुसरी चूक चकाकी बघून भुलणं. कडेला नखाने खरवडा, पापुद्रा सुटला तर ते पॉलिश आहे, उद्या तेच काकडीच्या कोशिंबिरीत येणार.

सागवान, शिसम चालतात, सागवानाने सुरीची धार थोडी लवकर जाते पण ते पाण्याला टिकतं. बांबू हे खरं तर गवत, कडक असतं, धार खातं. काचेचा बोर्ड तर सुरीचा शत्रूच. मासे-चिकनला बोर्ड वेगळा ठेवा, यात तडजोड नको.

आता तेलाचं. नवीन बोर्ड आणला की त्याच संध्याकाळी बीट चिरायची घाई असते लोकांना, आणि डाग पडला की लिंबू-मीठ घासत बसतात. अरे, आधी तेल पाजा त्याला! आणि गोडंतेल नको, माझ्या जाऊबाईंनी शेंगदाण्याचं लावलं होतं, महिन्याभरात खवट वास, कांदा चिरला तरी तोच वास. मेडिकलमधून साधं लिक्विड पॅराफिन, म्हणजे खवट न होणारं पारदर्शक खनिज तेल मागा, पोट साफ करायचं पांढरं मिश्रण देतील ते घेऊ नका. पहिला आठवडाभर रोज रात्री दोन्ही बाजूंना आणि कडांना चोळायचं, सकाळी पुसायचं, मगच सुरी लावायची. पुढे महिन्यातून एकदा पुरतं, टोकाच्या बाजूला जरा जास्त, कारण तिथूनच लाकूड पाणी ओढतं.

शॉर्टकट म्हणून रात्रभर सिंकमध्ये भिजत टाकणाऱ्यांनी कृपया प्लास्टिकचाच घ्यावा, लाकडाचे हाल करू नयेत. धुताना दोन्ही बाजू धुवा, लगेच पुसा, आणि खिडकीच्या ग्रीलपाशी उभा ठेवा, दोन्हीकडून हवा लागेल असा. माझा आत्ताचा बोर्ड सहा पावसाळे असाच उभा आहे, अजून सपाट.